तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी महाविद्यालय कोठे घ्यावे आणि कायद्याची शाखा केव्हा ठरवावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी मिरजेत वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. करायची, हे माझे आणि घरच्यांचे ठरले आहे. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची विधी सीईटी मी देणार आहे. बरे गुण मिळाले तर मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचे आयएलएस यांपैकी एक घ्यावे, असा माझ्या शिक्षकांचा आग्रह आहे. सांगली किंवा कोल्हापूरला शिकले तर मात्र घरून ये-जा करता येईल आणि तीन वर्षांचा राहण्या-जेवण्याचा खर्च वाचेल.

माझे प्रश्न असे आहेत. महाविद्यालयाच्या नावाला वकिलीत नेमके किती महत्त्व असते? कंपनी कायदा, कर, फौजदारी, दिवाणी यांपैकी शाखा आत्ताच ठरवून त्याप्रमाणे महाविद्यालय निवडावे लागते का? बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्याचा पुढे अडसर होतो का? आमच्या घरात कोणी वकील नाही. शेताच्या वहिवाटीच्या रस्त्याच्या प्रकरणात वडिलांसोबत तहसील कार्यालयात सुनावणीला गेले होते, एवढाच माझा कायद्याशी आलेला संबंध आहे. या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वडाचा पार

मी जिल्हा न्यायालयात बरीच वर्षे दिवाणी कामे चालवतो, तेव्हा त्या बाजूने लिहितो. बहुतेक विद्यार्थी आधी महाविद्यालय ठरवतात, मग शाखा आणि सर्वांत शेवटी कोठे काम करायचे ते. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. वकिलीची सनद (परवाना) मिळाल्यावर तुम्ही कोणत्या न्यायालयात किंवा कोणत्या कार्यालयात उभ्या राहणार, हे आधी मनाशी धरावे. तसे केले की शहर ठरते, शहर ठरले की महाविद्यालय ठरते, आणि शाखा त्या शहरातील कामातून तयार होते.

शाखेबद्दल एक गैरसमज आधी दूर करतो. तीन वर्षांच्या एलएल.बी.मध्ये शाखा म्हणावी असे फारसे काही नसते. संविधान, करार, मालमत्ता, कुटुंब कायदा, गुन्हे, पुरावा, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया हे सर्वांनाच शिकावे लागते. ऐच्छिक विषय मोजके असतात आणि कोणता ऐच्छिक विषय घेतला होता, हे पुढे पक्षकारही विचारत नाही आणि न्यायाधीशही विचारत नाहीत. खरे विशेषीकरण एलएल.एम. या पदव्युत्तर पदवीमध्ये होते, किंवा ज्या ज्येष्ठ वकिलाकडे तुम्ही पहिली चार-पाच वर्षे काढता त्यांच्या टेबलावर कोणत्या फायली येतात त्यावर होते. माझ्या पाहण्यात तरी दुसरी वाट पहिलीपेक्षा कितीतरी रुंद आहे.

तुम्ही वाणिज्य शाखेच्या आहात आणि कृष्णाकाठच्या आहात, म्हणून सहकार कायद्याकडे लक्ष वेधतो. तुमच्या भागात साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ, नागरी बँका आणि सेवा सोसायट्या आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील कामे समजायला ताळेबंद वाचता यावा लागतो, आणि तो वाचता येणारे वकील थोडे असतात. कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ ची जबाबदारी निश्चिती, कलम ९१ खाली सहकार न्यायालयातला वाद, कलम १०१ चा वसुली दाखला, ही नावे आज तुम्हाला परकी वाटतील. पण कलम ८८ च्या प्रकरणात संचालक मंडळाने मंजूर केलेले कर्ज, त्याचे तारण आणि लेखापरीक्षकाचा शेरा हे तिन्ही कागद समोर ठेवून कोणत्या संचालकावर किती रक्कम बसते ते काढावे लागते, तेव्हा तुमची वाणिज्य पदवी कामाला येईल.

याउलट कंपनी कायद्याचा विचार करा. महाराष्ट्रातील कंपन्यांची राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढील प्रकरणे मुंबईच्या पीठापुढे चालतात. सांगलीत राहून ते काम रोजचे होणार नाही. तेच करायचे असेल, तर मुंबईला जाण्याची तयारी पहिल्या वर्षापासून हवी.

मेघना_फोर्ट

वडाचा पार काका, क्रमाबद्दल तुमच्याशी सहमत आहे, पण महाविद्यालयाच्या नावाचे वजन तुम्ही कमी धरले आहे असे वाटते. मी मुंबईत लॉ फर्ममध्ये व्यवहारांचे करारमदार पाहते. येथे पहिल्या नोकरीसाठी नाव पाहिले जाते, ही वस्तुस्थिती आहे. मोठ्या फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आणि ठरावीक जुन्या महाविद्यालयांत जाऊन मुले निवडतात. इतर ठिकाणच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिपच्या दारातून आत यावे लागते आणि ते दार अरुंद आहे. पाच-सात वर्षांनी हा फरक पुसट होतो, हेही खरे. पण पहिली पायरी उंच असते, आणि ज्याच्या घरात वकील नाही त्याला ती अधिक उंच पडते.

कृष्णाकाठ, राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील बहुतांश पदवीजागा बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या आहेत आणि त्या क्लॅट या प्रवेश परीक्षेतून भरतात, तेव्हा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील आपल्या तीन विधी विद्यापीठांची ती वाट तुमच्यासाठी आता मागे पडली. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने मात्र २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांची एलएल.बी. सुरू केली आहे आणि तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते. खर्च मोठा आहे, पण पर्याय म्हणून माहीत असावा.

शासकीय विधी महाविद्यालयाबद्दल सांगायचे, तर १८५५ साली सुरू झालेली ती संस्था आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे प्राचार्य होते, हे सारे अभिमानाचे आहेच. परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिची खरी संपत्ती चर्चगेटचा पत्ता आणि सकाळचे वर्ग ही आहे. वर्ग आटोपले की विद्यार्थी फोर्टमध्ये वकिलांच्या चेंबरमध्ये जातात, तेथून प्रकरणाचे कागद (ब्रीफ) घेऊन उच्च न्यायालयात जातात आणि संध्याकाळी पक्षकारांसोबतच्या कॉन्फरन्समध्ये मागच्या खुर्चीवर बसून ज्येष्ठ वकील एखादा मुद्दा का सोडून देतात ते ऐकतात. शुल्क सरकारी असल्यामुळे कमी आहे. मुंबईत राहण्याचा खर्च मात्र कोणीही कमी करू शकत नाही, म्हणून वसतिगृहाची चौकशी प्रवेशाआधी करावी.

सह्याद्री_अम

मी अमरावतीचा. नावाचे एवढे दडपण घेऊ नये. भूषण गवई अमरावतीत शिकले आणि २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्याआधी सरन्यायाधीश झालेले शरद बोबडे नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकून सर्वोच्च पदापर्यंत जाता येते, हे आपल्या विदर्भानेच दाखवून दिले आहे.

मेघना_फोर्ट

दोघांबद्दलही मला आदर आहे, पण नव्या विद्यार्थिनीने ही उदाहरणे पूर्ण पाहावीत. बोबडे यांचे वडील राज्याचे महाधिवक्ता होते आणि गवई यांचे वडील रा. सू. गवई राज्यपालपदापर्यंत पोहोचलेले नेते होते. त्यांची गुणवत्ता यामुळे कमी ठरत नाही. मात्र ज्या घरात वकिली नवी आहे, तेथे चेंबर, ग्रंथसंग्रह आणि ओळखी या तिन्ही गोष्टी शून्यापासून उभ्या कराव्या लागतात. महाविद्यालय निवडताना ते यांपैकी काय देऊ शकते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. चांगले ग्रंथालय आणि माजी विद्यार्थ्यांचा जिवंत संपर्क असेल, तर छोट्या शहरातले महाविद्यालयही हे देऊ शकते.

वडाचा पार

मेघनाताईंचा मुद्दा मान्य. एक नवी गोष्ट मात्र विचारात घ्या. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तेथे जातात. आजवर या भागातल्या तरुण वकिलासमोर दोनच वाटा होत्या : जिल्हा न्यायालयात राहावे, नाहीतर उच्च न्यायालयासाठी मुंबईला जाऊन राहावे. आता मिरजेहून रेल्वेने जाऊन दुसरे अपील, रिट याचिका आणि जामिनाचे अर्ज कसे चालतात ते ऐकता येते. या बदलामुळे कोल्हापूर-सांगलीच्या महाविद्यालयांचे मोल वाढले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या ठिकाणी कामे वाढत जातात तेव्हा ज्येष्ठांना कनिष्ठ वकिलांची गरज भासते, आणि मुंबईत जी जागा मिळवायला वर्षे जातात ती येथे लवकर मिळू शकते.

भाषेबद्दल विचारले आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. म्हणजे चांगल्या वकिलाला दोन्ही हव्यात. एक नेहमीचे काम सांगतो. वहिवाटीला अडथळा झाला म्हणून दावा दाखल होतो आणि त्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज येतो, ज्याला आम्ही सगळे निशाणी ५ म्हणतो. त्या अर्जात चतुःसीमा, गट नंबर, अडथळा कोणत्या तारखेला आणि कोणत्या बाजूने झाला, हे नेमक्या मराठीत लिहावे लागते. 'प्रतिवादी त्रास देतात' एवढेच लिहिले तर मनाई मिळत नाही. पूर्वेच्या बांधावरील तारेचे कुंपण काढून दहा फूट आत सिमेंटचे खांब रोवले, असे लिहिले, सोबत छायाचित्र आणि सातबारा जोडला, तर न्यायाधीशांना अर्ज वाचतानाच चित्र दिसते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला हे अधिक चांगले जमायला हवे. पुढे तेच प्रकरण अपिलात जाते तेव्हा तीच हकीकत इंग्रजीत मांडावी लागते आणि न्यायनिवाडे तर इंग्रजीतच वाचावे लागतात. रोज एक निवाडा पूर्ण वाचायचा. त्याचे सार नुसते वाचून भागवायचे नाही. ही सवय पहिल्या सत्रापासून लावली, तर माध्यमाचा अडसर तिसऱ्या वर्षापर्यंत राहत नाही.

दिवाणी_मार्ग

न्यायाधीशपदाच्या परीक्षेबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून थोडक्यात भर घालतो. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट देशभर पुन्हा लागू केली आहे. हा काळ तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजला जातो, आणि न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही त्यात धरले जाते. वकिली केल्याचे प्रमाणपत्र किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाकडून घेऊन त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता लागते. म्हणजे पदवीनंतर थेट अभ्यासिकेत जाऊन बसण्याचा मार्ग बंद झाला. ज्यांना न्यायाधीश व्हायचे आहे, त्यांनी महाविद्यालय निवडतानाच जवळ चालते न्यायालय आणि शिकवणारे ज्येष्ठ वकील आहेत का हे पाहावे.

आणखी एक. कंपनीत पगारी नोकरी धरली, तर बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सनद स्थगित करावी लागते आणि तो काळ वकिलीत मोजला जाण्याची अपेक्षा धरू नये. आधी दोन-तीन वर्षे कंपनीत काढू, मग परीक्षा देऊ, असा बेत असेल तर तो आजच तपासून घ्यावा.

मांडवी_तीर

गोव्याहून लिहितो. काकांनी शाखा शहरातून तयार होते असे म्हटले, त्याला आमच्याकडचे उदाहरण जोडतो. आमचा वारसा आणि वैवाहिक मालमत्तेचा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. माणूस वारला की वाटणीसाठी इन्व्हेंटरी प्रोसिडिंग चालते आणि त्यासाठी २०१२ चा स्वतंत्र गोवा कायदा आहे. विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानण्याची पद्धत असल्यामुळे, नवऱ्याच्या नावावरील जमीन विकताना बायकोची सही का लागते, हे बाहेरच्या खरेदीदाराला वकिलालाच समजावून द्यावे लागते. जुने दस्त पोर्तुगीज भाषेत आहेत. हे काम मिरामारच्या साळगावकर किंवा मडगावच्या कारे विधी महाविद्यालयात शिकून इथल्याच ज्येष्ठाकडे बसलेल्या वकिलाला जसे येते, तसे देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या विद्यापीठातून आलेल्यालाही लगेच येत नाही. आपली सनदही एकाच बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची असते, तेव्हा सिंधुदुर्गातल्या मुलांनी गोव्याचा विचार अवश्य करावा.

रसायन_नाशिक

मी बी.एस्सी. रसायनशास्त्र केले आहे आणि पेटंटच्या कामात रस आहे. त्यासाठी एलएल.बी. आधी करावी का?

मेघना_फोर्ट

पेटंट एजंटची परीक्षा विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाच्या पदवीवर देता येते. तिला कायद्याची पदवी लागत नाही. तुम्ही ती आधी देऊ शकता. मात्र न्यायालयात पेटंटचा दावा चालवायचा असेल तर सनद लागेलच. तुमच्या प्रश्नासाठी स्वतंत्र धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः कलम ८८ बद्दल वाचून मी आमच्या लेखापरीक्षण विषयाच्या प्राध्यापकांशी बोलले, आणि पहिल्यांदाच माझा पदवीचा अभ्यास आणि पुढची वकिली एकमेकांना जोडलेली दिसली. माझा कल आता कोल्हापूर-सांगलीकडे आहे. दोन शंका उरतात. महाविद्यालय खरोखर शिकवते की केवळ परीक्षा घेते, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे? आणि सुरुवातीच्या वर्षांत कनिष्ठ वकिलाचे घर चालते का? धाकटा भाऊ अजून शाळेत आहे, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही.

वडाचा पार

पहिल्या शंकेबद्दल. सर्वांत आधी त्या महाविद्यालयाला आणि त्या अभ्यासक्रमाला भारतीय विधिज्ञ परिषदेची (बार कौन्सिल ऑफ इंडियाची) चालू मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर आणि महाविद्यालयाकडून लेखी स्वरूपात पाहावे. मान्यता नसेल तर पदवी हातात येऊनही सनद अडते आणि तीन वर्षे वाया जातात. यात तोंडी आश्वासन अजिबात चालवून घेऊ नये.

त्यानंतर प्रात्यक्षिक विषयांकडे पाहावे. मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वादनिवारण, आणि अभिरूप न्यायालयासह (मूट कोर्टसह) इंटर्नशिप, असे चार विषय सर्वत्र सक्तीचे आहेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिपही नियमात आहे. या विषयांच्या जर्नल वह्या मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून मागून घ्या आणि दोन-तीन वह्या शेजारी ठेवून वाचा. सगळ्यांत तोच वाटपाचा दावा, तीच नावे आणि त्याच चुका उतरलेल्या दिसल्या, तर तेथे मसुदा लिहायला शिकवले जात नाही. प्रत्येकाची हकीकत वेगळी असेल आणि समासात शिक्षकाने लाल शाईने काही दुरुस्त केलेले असेल, तर ते महाविद्यालय लहान असले तरी चालेल. इमारत, स्वागतकक्ष आणि माहितीपुस्तिका यांवरून काहीही ठरवू नका. दुपारी तीन वाजता ग्रंथालयात जा. तेथे कोण बसले आहे आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तीन नव्या फौजदारी कायद्यांची पुस्तके फडताळात आली आहेत का, ते पाहा.

पैशाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण ज्येष्ठ वकील याबद्दल कमी बोलतात आणि ते मला योग्य वाटत नाही. शहरात दरमहा वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये कनिष्ठांना द्यावेत, अशी सूचना परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती सक्ती नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्याहून बरेच कमी देणारे अनेक जण आहेत. दिवसभर राबवून घेऊन 'शिकायला मिळते ना' म्हणणे हा अन्याय आहे. म्हणून ज्येष्ठ निवडताना कामासोबत मानधनाचाही प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. तो विचारण्यात अनादर नाही. वकील म्हणून नोंदणीच्या शुल्काची चिंता मात्र आता नको. ते सर्वसाधारण प्रवर्गासाठी ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला आहे. अखिल भारतीय बार परीक्षेचे शुल्क वेगळे असते.

मेघना_फोर्ट

शुल्काबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करणारा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच घेतलेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर हा लाभ जातो. तेव्हा उत्पन्नाचा दाखला आणि इतर प्रमाणपत्रे सीईटीच्या निकालाची वाट न पाहता आत्ताच काढून ठेवा, कारण महाविद्यालयांचे पर्याय भरण्याच्या आठवड्यात सेतू केंद्रात रांगा लागतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीची चांगली जागा केवळ दाखल्याला उशीर झाल्यामुळे गेली.

कोल्हापूरकडे तुमचा कल असेल, तर मी मुंबईचा आग्रह धरणार नाही. फक्त एक विनंती आहे. तीन वर्षांत निदान एक इंटर्नशिप मुंबईत, उच्च न्यायालयात किंवा कंपनी विधी न्यायाधिकरणात करा. सहकारी बँका आणि कारखान्यांचे मोठे वाद उच्च न्यायालयापर्यंत येतात, आणि जिल्ह्यात तयार झालेला अभिलेख वरच्या न्यायालयात कसा वाचला जातो हे एकदा पाहिले की खालचा मसुदा लिहिण्याची पद्धत बदलते.

कृष्णाकाठ

दाखल्यांसाठी उद्याच अर्ज करते. सीईटी झाल्यावर निकालापर्यंत जो वेळ मिळेल, त्यात न्यायालयात जाऊन बसावे असे मनात आहे. विद्यार्थी नसतानाही बसू देतात का?

वडाचा पार

खुल्या न्यायालयात कोणालाही मागच्या बाकावर शांतपणे बसता येते. फक्त मोबाइल बंद ठेवावा. कौटुंबिक प्रकरणे आणि बंद दालनात चालणारी कामे मात्र ऐकता येत नाहीत. मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुटी असते, त्यामुळे त्या काळात दिवाणी दालने जवळजवळ रिकामी दिसतील. तेव्हा फौजदारी न्यायालयात रिमांड आणि जामिनाची कामे ऐका. महसूल आणि सहकार खात्याच्या कार्यालयांना ही सुटी नसते. तहसीलदारांपुढील रस्त्याच्या केसेस आणि जिल्हा उपनिबंधकांपुढील सुनावण्या चालूच असतात, म्हणून सुनावणीचे वार विचारून तेथे जा. वडिलांच्या प्रकरणाचा रोजनामा (तारखेवार कामकाजाची नोंद) आणि निकालाची नक्कल अर्ज करून मिळवा, आणि प्रत्येक तारखेला काय झाले ते स्वतःच्या शब्दांत एका वहीत उतरवून काढा. कोठे अडले तर मजकूर येथे टंकून पाठवा. नावे आणि गट नंबर तेवढे वगळा.